रयतचं पहिलं हायस्कूल : साताऱ्यात १९४० साली नेमकं काय घडलं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

परवा गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने सहज लिहिलं, "त्या काळी फुकट शिकवत होते म्हणून आपले आजे शिकले." लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो 'फुकट' शब्द मला दोन दिवस टोचत राहिला, म्हणून हा धागा.

माझे आजोबा चाळीसच्या दशकात साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात होते. रयत शिक्षण संस्थेचं हे पहिलं हायस्कूल, १९४० साली निघालं. पूर्ण नाव 'महाराजा सयाजीराव फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल'. आजोबांनी तिथे एक पै फी भरली नाही, हे खरं. पण त्यांच्या तोंडी 'फुकट' हा शब्द मी कधी ऐकला नाही. ते म्हणायचे, "आम्ही शाळा कमावली."

त्या काळी खेड्यातल्या पोराला हायस्कूल म्हणजे काय होतं ते आधी सांगतो. गावात मराठी शाळा, बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत. मोठं गाव असेल तर सातवीपर्यंत. सातवीला 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा. फायनल झाला की पोरगा प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचा, फार तर तलाठी. घरादाराला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं व्हायचं. पण त्याच्या वरच्या सगळ्या वाटा इंग्रजीतून जात होत्या. इंग्रजी पहिलीपासून (म्हणजे आजच्या पाचवीपासून) मॅट्रिकपर्यंतचे वर्ग हायस्कुलात, आणि हायस्कूल शहरात. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. मॅट्रिक नाही तर कॉलेज नाही, वकिली नाही, डॉक्टरकी नाही. म्हणजे फी, पुस्तकं, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण, असे चार खर्च एकदम अंगावर यायचे. कोरडवाहू चार एकरवाल्याला यातला एक झेपला तरी पुष्कळ.

भाऊराव पाटलांनी (अण्णांनी) हे गणित शेवटून सोडवायला घेतलं. मला त्यांचं सगळ्यात मोठं शहाणपण यातच दिसतं. शाळा आधी काढली नाही. आधी भाकरी आणि अंथरूण. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाच्या मेळाव्यात संस्था स्थापन झाली, आणि कामाची सुरुवात झाली बोर्डिंगपासून. १९२४ ला मुक्काम साताऱ्याला हलला. तिथलं बोर्डिंग धनिणीच्या बागेत. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. १९३५ ला शिक्षक तयार करायला 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज' निघालं. तिथून शिकून बाहेर पडलेले मास्तर खेड्यापाड्यांतल्या व्हॉलंटरी (खासगी संस्थांनी चालवलेल्या प्राथमिक) शाळांवर गेले. आणि हे सगळं झाल्यावर, संस्था एकवीस वर्षांची झाल्यावर, १९४० ला हायस्कूल.

तिथल्या पोरांनी फी ऐवजी काय दिलं? शेतात राबले, मुरूम खणला, दगड वाहिले, बांधकामावर हाताखाली काम केलं, आळीपाळीने स्वयंपाक केला. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य आज शाळेशाळेच्या भिंतीवर रंगवलेलं दिसतं. आजोबांच्या वेळी ते रोजच्या दिनक्रमात होतं.

ज्यांच्या घरातलं कुणी त्या सुरुवातीच्या तुकड्यांमध्ये होतं त्यांनी कृपया लिहा. ती पिढी आता जवळजवळ संपत आली.

---

माणदेशी

दादा, धागा काढलात, फार बरं केलंत. माझे चुलत आजोबा त्याच हायस्कुलात होते, बहुतेक ४५-४६ च्या आसपास. आमच्याकडे पाऊस म्हणजे आला तर आला. ते सांगायचे की घरून पायली-दोन पायली बाजरी डोक्यावर घेऊन निघायचं, बरंच अंतर चालायचं, मग मिळाली तर गाडी. बाजरी बोर्डिंगच्या कोठीत जमा करायची. ज्याच्या घरी दुष्काळात तेवढीही नसेल त्याला कुणी परत पाठवत नव्हतं. त्याने मग काम जास्त करायचं.

आजोबा हयात आहेत, पंच्याण्णवच्या पुढे. ऐकू कमी येतं, पण स्मरण पक्कं आहे. या सुट्टीत जाणार आहे, विचारून लिहिते.

---

शनिवारपेठ

उत्तम लेख. एक शंका आहे, वादासाठी नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

लोकांनी स्वतः उभं केलेलं हायस्कूल ही गोष्ट आपल्याकडे आधीपासून होती. जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर पुढच्या वर्षी आले. पुण्याच्या हुजूरपागेत १८८४ ला मुलींचं हायस्कूल सुरू झालं, न्या. रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्या पुढाकाराने. खुद्द साताऱ्यात सरकारी हायस्कूल होतंच, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. डॉ. आंबेडकरांचं नाव तिथल्याच रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालं, आता तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. मग रयतला स्वतःच्या हायस्कुलापर्यंत यायला एकवीस वर्षं का लागली?

---

कृष्णाकाठ

शनिवारपेठ, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही सांगितलेल्या शाळा मोठ्याच, त्यांच्या त्यागाबद्दल मला आदर आहे. पण त्या शहरात होत्या आणि शहरातल्या घरांसाठी होत्या. पोरगा संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी जायचा. खेड्यातल्या पोराला तसं घरच नव्हतं तिथे. म्हणून आधी बोर्डिंग लागलं. त्या वर्षांत बोर्डिंगमधली पोरं राहायची संस्थेत आणि शिकायला जायची शहरातल्या दुसऱ्यांच्या शाळांमध्ये. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जी वसतिगृहं काढली त्यांची रचना हीच होती. वसतिगृह आपलं, शिकायला राजाराम हायस्कूल. अण्णा स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकलेले, त्यामुळे ती पद्धत त्यांनी आतून पाहिली होती.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. हायस्कूलला पदवीधर लागतात, आणि असे पदवीधर की जे तुटपुंज्या पगारावर जन्मभर राहतील. ते आयते कुठून येणार? ते बोर्डिंगातच वाढवावे लागले. बॅ. पी. जी. पाटील शाहू बोर्डिंगचेच विद्यार्थी, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन संस्थेतच रुजू झाले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एक पिढी शिकून परत आली तेव्हा पुढची शाळा उभी राहिली. एकवीस वर्षं मला तरी जास्त वाटत नाहीत.

---

शनिवारपेठ

पटलं. बोर्डिंग ते हायस्कूल या मधल्या वर्षांकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

---

बडोदेकर_मराठी

आम्ही तीन पिढ्या बडोद्यात. साताऱ्याच्या शाळेला आमच्या महाराजांचं नाव कसं, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता, त्याबद्दल थोडं लिहितो.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले गोपाळराव. दत्तक येऊन गादीवर बसले. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ ला ते सगळ्या संस्थानात लागू केलं. ब्रिटिश मुलखात तेव्हा त्याची नुसती चर्चा चालली होती. गावोगाव वाचनालयं काढली. बाबासाहेबांच्या परदेशातल्या शिक्षणाला त्यांचीच शिष्यवृत्ती होती. फेब्रुवारी १९३९ मध्ये महाराज गेले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यात हे हायस्कूल निघालं.

भाऊरावांनी नावं फार विचाराने ठेवली असं मला वाटतं. बोर्डिंगला शाहू महाराज, हायस्कूलला सयाजीराव, ट्रेनिंग कॉलेजला पुढे महात्मा फुले, कॉलेजला छत्रपती शिवाजी. स्वतःचं नाव कुठेच नाही.

---

वाईची_सून

सगळं वाचलं, भरून आलं. पण एक नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. लक्ष्मीबाई, अण्णांच्या पत्नी.

पोरं त्यांना 'वहिनी' म्हणायची. श्रीमंत घरातली लेक, अंगावर भरपूर दागिने घेऊन आलेली. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, आणि घरात सगळ्या जातींची पोरं जेवायला. पहिल्यांदा जड गेलं असणार त्यांना, का नाही जाणार? पण त्या बदलल्या. बोर्डिंगात दाणा संपला तसे एकेक दागिने गेले, आणि शेवटी अण्णा फिरतीवर असताना घरात काही उरलं नाही तेव्हा मंगळसूत्रही मोडून पोरांना जेवू घातलं. १९३० साली त्या गेल्या. ज्या हायस्कुलाबद्दल आपण इथे लिहितोय ते त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्यानंतर दहा वर्षांनी निघालं.

दुसरं विचारायचं होतं. मुलींचं काय? माझ्या आजेसासूबाई त्याच जिल्ह्यातल्या, हुशार, पण चौथीनंतर घरी. भाऊ साताऱ्याला बोर्डिंगात गेला. भाऊ सुट्टीला आला की त्या त्याच्या पुस्तकांना नुसता हात लावून बघत असत, हे त्या ऐंशीव्या वर्षीही सांगत होत्या. राग नव्हता, पण विसरल्याही नव्हत्या.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

नमस्कार मंडळी. मी रयतमधूनच निवृत्त झालो, अडतीस वर्षं नोकरी, सात गावं फिरलो. बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण विचारलंय तेवढ्यावरच लिहितो.

वाईच्या ताईंचा प्रश्न खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. सुरुवातीची बोर्डिंगं मुलांची होती, पहिलं हायस्कूलही मुलांच्याच दृष्टीने उभं राहिलं. साताऱ्यात शिक्षिका तयार करायला जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं, मुलींचं वसतिगृह लक्ष्मीबाईंच्या नावाने झालं. पण खेड्यातली मुलगी हायस्कुलात मोठ्या संख्येने आली ती हायस्कूल तिच्याच गावात किंवा शेजारच्या गावात आल्यावर. आई-बाप मुलीला साताऱ्याला धाडायला तयार नव्हते, पण दोन मैलांवर धाडायला तयार झाले. म्हणून पुढे गावोगाव हायस्कुलं काढण्याचा जो सपाटा लागला त्याचा खरा फायदा मुलींना झाला, असं मी माझ्या नोकरीत पाहिलं.

गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प केला. त्याच सुमारास सरकारशी बिनसलं. अण्णा सभेत जे बोलायचे ते तोंडावर, मंत्री असो की कोण असो. मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने संस्थेचं अनुदान बंद केलं. हे अनुदान थांबणं किती भयंकर होतं ते शाळा चालवणाऱ्यालाच कळेल. मास्तरांचे पगार थांबले, बोर्डिंगातली कोठी रिकामी पडली. जुने शिक्षक आम्हाला सांगायचे की कित्येक महिने पगाराविना वर्ग घेतले, एकही शाळा बंद पडू दिली नाही. गावकऱ्यांनी धान्य दिलं. गाडगे महाराजांनी संस्थेसाठी शब्द टाकला. शेवटी अनुदान पुन्हा सुरू झालं.

९ मे १९५९ ला अण्णा पुण्यात वारले तेव्हा शंभरावर हायस्कुलं झालेली होती. त्याच वर्षी पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. स्वतः माणूस मॅट्रिकपर्यंत पोचलेला नव्हता.

---

कोयनेचं_पाणी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझे वडील नंतरच्या काळात एका बोर्डिंगात होते (कुठल्या ते लिहीत नाही). पहाटे उठून काम, मग शाळा, परत काम. तब्येत मुळात नाजूक. नववीत आजारी पडून घरी आले ते परत गेलेच नाहीत. ते म्हणायचे, पैसेवाल्याच्या पोराला फक्त अभ्यास करावा लागतो आणि आमच्या पोराला अभ्यासही आणि हमालीही. श्रमाचा गौरव मला कळतो. पण ज्याच्या अंगात बळ नव्हतं त्याचं काय?

---

निवृत्त_मुख्याध्यापक

कोयनेचं_पाणी, राग कसला? तुमच्या वडिलांसारखी मुलं होती. मी स्वतः पाहिली आहेत. चांगला गृहप्रमुख असला तर तो अशा मुलाला कोठीचा हिशेब, वाचनालय, दिवाबत्ती असं हलकं काम द्यायचा. सगळीकडे तसा माणूस नसायचा, हे मान्य करायला हवं. आणि वाया गेलेलं वर्ष गरिबाच्या पोराला परत मिळत नाही, हेही खरं.

फक्त एक बाजू सांगतो. अण्णा तरुणपणी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून बोललेले. धर्मादाय घेताना त्याची मान कशी खाली जाते ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. दुधगावला त्यांनी सुरुवातीला जे काम केलं तिथे मुष्टिफंड होता. बायकांनी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचं, ते वसतिगृहाला. मूठभर कुणालाही जड नाही आणि दिल्याचं समाधान सगळ्या घराला. हायस्कुलातल्या श्रमामागेही तोच विचार होता. पोरगा मॅट्रिक होऊन गावात परत येईल तेव्हा त्याला कुणी 'तुला अमक्याने शिकवलं' असं म्हणू नये.

आणि जातीचंही त्यात होतं. कुदळ सगळ्यांच्या हातात, पीठ सगळ्यांनी मळायचं. पाटलाच्या पोराने महाराच्या पोराच्या हातची भाकरी खायची, आणि दुसऱ्या आठवड्यात पाटलाच्या पोराची पाळी. भाषण न देता जे होत होतं ते असं.

---

कोयनेचं_पाणी

सर, आभारी आहे. वडिलांना गृहप्रमुख बरे भेटले असते तर, एवढंच मनात येतं. पण वडिलांनी आम्हा तिघांना रयतच्याच शाळेत घातलं, हेही सांगायला हवं.

---

शनिवारपेठ

सर, मिस क्लार्क बोर्डिंगचा प्रसंग काय आहे? कुठेतरी अर्धवट वाचलं होतं.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

थोडक्यात सांगतो. अण्णा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्याच्या समारंभाला अण्णा गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम झाला. अण्णांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. पुढे स्वतःच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची एक पंगत का, त्याचं उत्तर या प्रसंगात आहे.

---

कृष्णाकाठ

आजोबांची एक गोष्ट राहिली होती. १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव घरोघर. आजोबा तेव्हा शाळकरी. बोर्डिंगमधली मोठी मुलं रात्री कुठे जातात, पहाटे परत कशी येतात, हे लहान मुलांना विचारायची बंदी होती. विचारायचं नाही आणि कुणी विचारलं तर सांगायचं नाही. आजोबा म्हणायचे, "आम्हाला शाळेत इतिहास होता, पण इतिहासाच्या तासाला झोप यायची, कारण रात्री अंथरुणात जागे राहून दाराची कडी कधी वाजते ते ऐकत पडायचो."

आजोबांच्या ट्रंकेत मॅट्रिकचं सर्टिफिकेट सापडलं. त्याच्या घडीत एक चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात, कामाचे दिवस आणि तास मांडलेले. रोज किती तास कुठे काम केलं, तारीखवार. शेवटी बेरीज. त्यांनी ती साठ वर्षं का जपली होती ते मला आधी कळलं नव्हतं.

---

वाईची_सून

दादा, त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा लगेच. कागद जुना झाला की घडीवर फाटतो. आणि संस्थेला एक प्रत द्या.

---

माणदेशी

गावाला जाऊन आले. चुलत आजोबांना कानाशी बसून विचारलं, "नाना, सातारच्या शाळेत काम काय करायचात?"

आधी हसले. मग म्हणाले, दारं धरायचो. भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायची त्यांची पाळी होती. पहाटे अंधारात मोट चालू व्हायची, पाटाने पाणी यायचं. एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचं दार बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. हिवाळ्यात पाय बधिर व्हायचे. पाणी पुढच्या वाफ्यात पोचेपर्यंत मधे जो वेळ मिळायचा त्यात इंग्रजीची स्पेलिंगं पाठ करायची. एका वाफ्याला पाच शब्द. वांग्याचे बारा वाफे होते, म्हणजे एका पाळीत साठ शब्द.

मग त्यांनी मला ते शब्द म्हणून दाखवायला सुरुवात केली. 'बिकॉज', 'ब्यूटिफुल', 'नेबर', एकेक अक्षर सुटं सुटं करून, मधे थांबत. प्रत्येक पाच शब्दांनंतर त्यांचा उजवा हात खोरं ओढल्यासारखा जरा पुढून मागे यायचा. मी मोजले, बाविसाव्या शब्दाला अडकले. म्हणाले, "थांब, चौथं दार भरलंय, पाचवं फोडतोय."